शुक्रवारी हँग होणारा बोर्ड: बूटलोडरने चालू सोडलेल्या डीएमएचं प्रकरण

रबाळे एमआयडीसीतली एक छोटी कंपनी शीतगृहांसाठी तापमान नोंदवणारे बोर्ड बनवते. बोर्डला खोल्यांमधले सेन्सर जोडलेले असतात, बोर्डवर लिनक्स चालतं, आकडे नेटवर्कवरून ऑफिसातल्या संगणकाकडे जातात आणि तापमान हद्दीबाहेर गेलं की भोंगा वाजतो. तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये हे बोर्ड बसवल्यावर काही दिवसांनी तक्रार आली. लाइट जाऊन परत आली की त्यातला एखादा बोर्ड सुरूच होत नाही. हिरवा दिवा लागतो, पडद्यावर कंपनीच्या चिन्हापुढे काहीच येत नाही. हाताने वीज बंद करून पुन्हा दिली की तोच बोर्ड ठणठणीत चालतो.

वरवर पाहिलं तर ही किरकोळ तक्रार. पण बोर्ड मुका असताना खोली तापली तर भोंगा वाजणार नाही, आणि आत कुणाचे खजूर, कुणाची चिंच, कुणाची सफरचंदं महिनोन्महिने ठेवलेली असतात. रात्री दोन वाजता लाइट जाऊन आली तर सकाळपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून कंपनीने मला बोलावलं तेव्हा मी हे काम सगळ्यात आधी हातात घेतलं.

कंपनीच्या तरुण इंजिनिअरने तोपर्यंत बरंच काही तपासून ठेवलं होतं. मेमरीची चाचणी रात्रभर चालवली, चूक शून्य. पॉवर सप्लायवर ऑसिलोस्कोप लावला, व्होल्टेज नीट चढत होतं. तुर्भ्याहून 'आजारी' म्हणून परत आलेले बोर्ड कंपनीतल्या टेबलावर रिलेने सतत चालू-बंद केले, एकही अडकला नाही. तोच बोर्ड, तेच सॉफ्टवेअर, तोच अडॅप्टर. "सर्किटमध्ये काही सापडत नाही मॅडम, आणि कोडमध्येही काही बदललेलं नाही," असं तिचं म्हणणं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

नेमका धागा मिळाला तो कोल्ड स्टोरेजच्या इलेक्ट्रिशियन काकांकडून. ते म्हणाले, "मॅडम, मधल्या वारी मी हा एकटा डबा कितीदा बंद-चालू केला, काही होत नाही. तुमचा डबा शुक्रवारीच आजारी पडतो." शुक्रवारी देखभालीसाठी त्या भागाची वीज बंद ठेवतात. म्हणजे शुक्रवारी फक्त आमचा बोर्ड सुरू होत नाही, सगळा गाळा एकदम सुरू होतो: कॅमेरे, त्यांचा रेकॉर्डर, हजेरीचं मशीन, वजनकाटा, लेबल छापणारा प्रिंटर, ऑफिसातले संगणक. ही सगळी यंत्रं एकाच नेटवर्क स्विचवर होती आणि सगळी त्याच अर्ध्या मिनिटात जागी होत होती. कंपनीतल्या टेबलावर मात्र बोर्ड आणि एक लॅपटॉप, एवढंच नेटवर्क.

काकांच्या या वाक्यावरून माझा संशय पॉवरवरून नेटवर्ककडे वळला. पण नेटवर्कवरच्या गर्दीने बोर्ड सुरू होण्याआधीच का मरावा? लिनक्सचा नेटवर्क ड्रायव्हर तर तोवर जागाही झालेला नसतो. हे कोडं उलगडायला या बोर्डवर ताबा कुणाकडून कुणाकडे जातो ते आधी पाहावं लागतं.

ताबा कुणाकडून कुणाकडे

वीज मिळाल्यावर प्रोसेसरच्या आत कायमचा कोरलेला छोटा कोड आधी चालतो. त्या क्षणी चिपबाहेरची मुख्य मेमरी, म्हणजे डीरॅम, वापरण्यालायक नसते. तिचं क्लॉक ठरलेलं नसतं, टायमिंग बसवलेलं नसतं. म्हणून हा कोड फ्लॅशमधून एक लहानसा पहिला टप्पा उचलतो आणि चिपच्या आतल्या थोड्याशा मेमरीत, म्हणजे एसरॅममध्ये, ठेवून चालवतो. हा टप्पा क्लॉक तयार करणारा पीएलएल लावतो, डीरॅमचा कंट्रोलर तयार करतो आणि मग मोठा बूटलोडर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीत आणून सुरू करणारा प्रोग्रॅम, डीरॅममध्ये आणतो. आमच्याकडे तो यू-बूट होता. यू-बूट सुरू झाल्यावर स्वतःला उचलून डीरॅमच्या वरच्या टोकाला नेऊन बसवतो, म्हणजे खालची सलग जागा कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी, मोकळी राहते. या बोर्डवर ५१२ एमबी मेमरी आहे आणि यू-बूट तिच्या अगदी शेंड्यावर जाऊन बसतो. पुढच्या गोष्टीत या शेंड्याला फार महत्त्व आहे.

यू-बूट कर्नल आणि डिव्हाइस ट्री (बोर्डवर कोणतं हार्डवेअर कुठे आहे त्याची यादी) मेमरीत आणतो, 'स्टार्टिंग कर्नल' असं छापतो आणि उडी मारतो. कर्नलचा सुरुवातीचा असेंब्ली कोड कामचलाऊ पेज टेबल, म्हणजे मेमरीच्या पत्त्यांचा नकाशा, बनवून तो वापरणारा एमएमयू चालू करतो. मग आर्किटेक्चरची मांडणी होते. डिव्हाइस ट्री वाचून किती मेमरी आहे ते कळतं, मेमब्लॉक नावाचा प्राथमिक वाटपकर्ता कामाला लागतो, खरी पेज टेबलं उभी राहतात, इंटरप्ट (उपकरणांनी प्रोसेसरला दिलेली हाक) सांभाळणारा कंट्रोलर आणि टायमर तयार होतात. त्यानंतर इनिटकॉलच्या, म्हणजे कर्नलचे भाग क्रमाने सुरू करण्याच्या, पायऱ्या येतात: कोअर, आर्क, सबसिस्टिम, फाइल सिस्टिम, डिव्हाइस, लेट. नेटवर्कचा ड्रायव्हर येतो डिव्हाइसच्या पायरीवर. त्याला लागणारं क्लॉक किंवा रेग्युलेटर अजून तयार नसेल तर त्याची पाळी आणखी पुढे ढकलली जाते. आमच्या बोर्डवर यू-बूटची उडी आणि नेटवर्क ड्रायव्हरने चिपला केलेला पहिला रीसेट यांच्यात जवळजवळ दोन सेकंद जात होते.

या दोन सेकंदांत नेटवर्क कंट्रोलर कुणाच्या हुकमात असतो? कुणाच्याच नाही. यू-बूट गेलेला असतो, लिनक्सचा ड्रायव्हर आलेला नसतो. कंट्रोलर गप्प असेल तर काही बिघडत नाही. पण तो चालू राहिला असेल तर त्याला आधी दिलेल्या पत्त्यांवर तो आलेली पॅकेटं लिहीत राहतो. जुना भाडेकरू घर सोडून गेला तरी त्याची पत्रं त्याच पत्त्यावर येत राहावीत, तसं. डीएमए म्हणजे हेच: प्रोसेसरला न विचारता मेमरीत थेट लिहिणं. प्रोसेसरचा एमएमयू इथे काही कामाचा नाही, कारण तो फक्त प्रोसेसरच्या स्वतःच्या ये-जा वर लक्ष ठेवतो. डिव्हाइसच्या वाटेत तसाच पहारेकरी, आयओएमएमयू, असता तर त्याने अडवलं असतं. या स्वस्तातल्या चिपमध्ये तो नाही.

यात नवीन काही नाही. एआरएम प्रोसेसरवरच्या लिनक्सला बूटलोडरकडून ताबा कोणत्या स्थितीत मिळाला पाहिजे, याचा करार रसेल किंग यांनी लिहिलेल्या कर्नलच्या दस्तऐवजात आहे आणि त्यावर २००२ सालची तारीख आहे. इंटरप्ट बंद हवेत, एमएमयू बंद हवा, डेटा कॅश बंद हवी, ठरलेल्या रजिस्टरांत ठरलेल्या किमती हव्यात. त्याच यादीत असंही म्हटलंय की डीएमए करू शकणारी सगळी उपकरणं शांत करा, नाहीतर भलतीच नेटवर्क पॅकेटं किंवा डिस्कचा डेटा मेमरी बिघडवेल, आणि एवढं केलंत तर डिबगिंगचे पुष्कळ तास वाचतील. एआरएमवर काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाने ते पान एकदा शांतपणे वाचावं असं मला मनापासून वाटतं. थोडक्यातच मजकूर आहे.

पुरावा

संशय कितीही पटला तरी पुरावा हवा होता. नुसतं 'नेटवर्कमुळे होतंय' म्हणून बूटलोडर बदलायचा आणि पुढच्या शुक्रवारी देवावर हवाला ठेवायचा, हे मला मान्य नव्हतं.

आधी आवाज ऐकू येण्याची सोय केली. अडकलेल्या बोर्डच्या सिरियल कन्सोलवर 'स्टार्टिंग कर्नल' नंतर काहीच दिसत नव्हतं, कारण नेहमीचा कन्सोल बऱ्याच उशिरा उभा राहतो. कर्नलच्या कमांड लाइनवर अर्लीकॉन दिल्यावर सुरुवातीपासूनचे संदेश दिसू लागले. शुक्रवारी तुर्भ्याला लॅपटॉप लावून बसल्यावर पडझडीचे लॉग मिळाले आणि गोंधळ वाढलाच. एका बोर्डवर पेजिंग रिक्वेस्टची चूक, दुसऱ्यावर मेमरीच्या यादीतला पॉइंटर खराब, तिसऱ्यावर ओळ अर्धवट छापून शांतता. तीन बोर्ड, तीन वेगळ्या जागा. असं चित्र दिसलं की लोक रॅम बदलायला धावतात. माझ्या अनुभवात मात्र हे चित्र दुसऱ्याच कुणीतरी मेमरीत लिहिल्याचंही असतं, आणि रॅम चाचणीत स्वच्छ निघाली असेल तर आधी तेच धरावं.

मग पेज पॉइझनिंग चालू केलं. या सोयीत कर्नल मेमरीच्या मोकळ्या प्रत्येक पानावर 'एए' हा बाइट भरून ठेवतो, आणि ते पान पुन्हा वाटताना सगळे 'एए' जागच्या जागी आहेत का ते बघतो. मध्ये कुणी लिहिलं असेल तर बिघडलेला भाग जसाच्या तसा छापतो. बूट थोडं हळू होतं, पण इथे ते पथ्यावरच पडलं, कारण धोक्याची खिडकी आणखी रुंद झाली. त्या शुक्रवारी एका बोर्डच्या लॉगमध्ये हे बाइट आले:

एफएफ एफएफ एफएफ एफएफ एफएफ एफएफ, मग सहा बाइटचा एक पत्ता, मग ०८ ०६ ०० ०१ ०८ ०० ०६ ०४ ०० ०१.

इथरनेटवर काम केलेल्या माणसाला ही ओळ ओळखीची वाटेल. पहिले सहा 'एफएफ' म्हणजे ब्रॉडकास्ट, सगळ्यांना उद्देशून. पुढचे सहा बाइट पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची त्या यंत्राची ओळख. ०८ ०६ म्हणजे एआरपी, एखादा आयपी पत्ता कुणाचा ते विचारण्याची पद्धत. ०० ०१ म्हणजे इथरनेट, ०८ ०० म्हणजे आयपी, ०६ आणि ०४ या त्या दोन पत्त्यांच्या लांब्या, आणि शेवटचं ०० ०१ म्हणजे विचारणा. थोडं पुढे सी० ए८ ०१ होतं, म्हणजे १९२.१६८.१, गाळ्यातल्या नेटवर्कचा पत्ता. बिघडलेल्या पट्ट्याची लांबी बरोबर ६४ बाइट. १४ बाइटचं इथरनेट शीर्ष आणि २८ बाइटचा एआरपी मिळून ४२. किमान लांबी भरण्यासाठी १८ शून्यं, आणि शेवटी ४ बाइटची तपासबेरीज. त्याच्या आधी 'एए', नंतर 'एए'. मधोमध, कर्नलच्या मोकळ्या पानात, एक अख्खं पॅकेट पडलेलं.

इंजिनिअर मुलगी तो मॅक पत्ता वहीत लिहून घेऊन गाळ्यात फिरली. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरच्या पाठीवरच्या स्टिकरवर तोच पत्ता होता.

दुसरा दुवा पत्त्याचा. यू-बूटमध्ये बीडीइन्फो ही आज्ञा दिली की तो मेमरीत कुठे जाऊन बसलाय ते कळतं. त्याच्या मॅप फाइलवरून नेटवर्क ड्रायव्हरचे बफर कुठे आहेत ते काढलं. चार बफर होते आणि लॉगमधलं पॅकेट त्यातल्या दुसऱ्या बफरच्या पत्त्यावर बरोबर सुरू होत होतं.

एवढ्यावर प्रकरण सिद्ध झालं, पण तीन बोर्ड तीन वेगळ्या जागी का पडले त्याचा उलगडा उरला होता. तो मला सगळ्यात उद्बोधक वाटला. कंट्रोलर बफर थेट लक्षात ठेवत नाही. मेमरीत डिस्क्रिप्टरांची एक साखळी असते. प्रत्येकात बफरचा पत्ता आणि 'हा आता हार्डवेअरचा' असं सांगणारा एक बिट. पॅकेट लिहून झालं की हार्डवेअर तो बिट उतरवतो आणि पुढच्या डिस्क्रिप्टरकडे जातो. चार भरले आणि कुणी परत दिले नाहीत तर तो थांबतो. म्हणजे कर्नलने ती जागा कुणाला देण्याआधीच चार पॅकेटं येऊन गेली तर काहीच बिघडत नाही, आणि एकही आलं नाही तरी नाही. पण थांबलेला कंट्रोलर प्रत्येक नव्या पॅकेटला पुढचा डिस्क्रिप्टर पुन्हा वाचून बघतो. दरम्यान कर्नलने त्याच जागी आपलं काही लिहिलं, आणि त्यात तो बिट योगायोगाने चढलेला असला, तर कंट्रोलर तिथला कसलाही आकडा बफरचा पत्ता समजून मेमरीत कुठेही पॅकेट टाकतो. मग पडझड कुठे होईल ते सांगता येत नाही.

आणि जागाही वाईट. मेमब्लॉक सहसा वरच्या टोकाकडून मेमरी वाटतो. त्यामुळे कर्नलची सुरुवातीची, सगळ्यात मोलाची माहिती, म्हणजे पेज टेबलं आणि प्रत्येक पानाची नोंदवही, यू-बूटच्या सोडलेल्या जागेवर किंवा तिच्या शेजारीच जाऊन बसते.

रबाळ्याला परतल्यावर टेबलावर हे घडवून दाखवणं सोपं गेलं. लॅपटॉपवरून बोर्ड सुरू होताना एआरपीचा मारा केला आणि कंपनीत कधीही न अडकलेला बोर्ड अडकू लागला. 'स्टार्टिंग कर्नल' दिसताच केबल काढली तर अडकेना.

स्टॉप फंक्शन रिकामं का होतं

मूळ यू-बूट असा बेजबाबदार नाही. नेटवर्कचं काम संपल्यावर आणि कर्नलमध्ये उडी मारण्याआधी तो ड्रायव्हरचं स्टॉप फंक्शन बोलावतो. कंपनीच्या यू-बूटमध्ये बोर्ड सुरू होताना ऑफिसच्या संगणकावर नवं सॉफ्टवेअर आलंय का ते नेटवर्कवरून विचारलं जातं, म्हणून कंट्रोलर दरवेळी चालू होतोच. आणि त्या ड्रायव्हरचं स्टॉप फंक्शन कुणीतरी पूर्वी रिकामं केलं होतं. बदलाच्या नोंदीत कारण दिलेलं होतं: लिंक तुटून पुन्हा जुळायला दोन-तीन सेकंद लागतात, ते वाचवायचे.

कारण खोटं नाही. दोन्ही टोकांनी आपसात वेग ठरवायला तेवढा वेळ जातो, आणि ग्राहकाला बोर्ड लवकर सुरू झालेला हवा असतो. पण लिंक सांभाळणारी चिप (पीएचवाय) वेगळी आणि पॅकेटं मेमरीत लिहिणारा कंट्रोलर वेगळा. पीएचवायला हात न लावता फक्त कंट्रोलरचा पॅकेटं घेणारा भाग (मॅक) आणि डीएमए थांबवले तर लिंक टिकते आणि मेमरीही सुरक्षित राहते. जुन्या स्टॉप फंक्शनमध्ये दोन्ही गोष्टी एकत्र होत्या आणि काढताना दोन्ही गेल्या. नव्या यू-बूटमध्ये आम्ही ते वेगळे केले: आधी रिसीव्हर बंद, मग डीएमए थांबल्याची खूण येईपर्यंत वाट, मग कंट्रोलरचा सॉफ्ट रीसेट, पीएचवाय जशीच्या तशी. सुरू होण्याचा वेळ जवळजवळ तेवढाच राहिला.

आधीच बसवलेल्या बोर्डांचं काय

खरी अडचण इथे होती. नवा बूटलोडर नव्या बोर्डांत घालता येतो. पण गिऱ्हाइकांकडे बसवलेल्या बोर्डांचा बूटलोडर लांबून बदलणं म्हणजे जुगार. लिहिता लिहिता लाइट गेली तर बोर्ड कायमचा मेला, कारण या बोर्डवर बूटलोडरची दुसरी प्रत नाही. आणि लाइट जाण्याचीच तर तक्रार आहे. कर्नल आणि डिव्हाइस ट्रीच्या मात्र दोन प्रती आहेत, त्या बिनधोक बदलता येतात. म्हणून जुन्या बूटलोडरच्या चुकीवर नव्या कर्नलला इलाज करावा लागणार होता.

तातडीचा उपाय डिव्हाइस ट्रीमधून झाला. मेमरीच्या शेंड्याचे काही एमबी राखीव म्हणून जाहीर केले, म्हणजे कर्नल तिकडे फिरकत नाही, यू-बूटचे डिस्क्रिप्टर आणि बफर जसेच्या तसे राहतात आणि पॅकेटं तिथेच पडून विरतात. एका ओळीचं काम आणि त्या आठवड्यातच गिऱ्हाइकांकडे पोचलं. कंपनीच्या मालकांना हे इतकं आवडलं की ते म्हणाले, एवढंच राहू दे. मी आग्रहाने नको म्हटलं. यू-बूट कुठे जाऊन बसतो ते त्याच्या आकारावर ठरतं. वेगवेगळ्या तुकड्यांत तो वेगवेगळा आहे, आणि पुढे कुणी त्यात काही वाढवलं की राखीव जागा अपुरी पडेल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. शिवाय कंट्रोलर चालूच राहतो. नेटवर्कच्या ड्रायव्हरने इंटरप्ट मागितल्याबरोबर आधीचा तुंबलेला इंटरप्ट त्याच्या अंगावर येतो, तेव्हा त्याची तयारी झालेली असेलच असं नाही.

कायमच्या उपायासाठी कंट्रोलरला कर्नलच्या अगदी सुरुवातीला गप्प करायचं होतं, मेमब्लॉकने वरची जागा वाटायला घेण्याआधी. हा कोड जेमतेम दीड पान भरेल, पण त्यातली प्रत्येक ओळ जपून लिहावी लागते, कारण त्या घटकेला हाताशी काहीच नसतं. रजिस्टरांपर्यंत पोचायची नेहमीची वाट, आयओरीमॅप, चालत नाही, अर्ली आयओरीमॅपने तात्पुरती वाट काढावी लागते. वेळ मोजता येत नाही. उशीर घालणारं फंक्शन असतं, पण त्याचं प्रमाण अजून ठरलेलं नसतं. म्हणून 'डीएमए थांबला का' हे बघायची आवर्तनं मोजून मर्यादा घातली. आणि सगळ्यात फसवी गोष्ट क्लॉकची. ज्या ब्लॉकचं क्लॉक बंद आहे त्याचं रजिस्टर वाचायला गेलं तर या चिपवर बसच अडकते आणि बोर्ड तिथेच संपतो. नवा बूटलोडर कंट्रोलरचं क्लॉकही बंद करून जातो. म्हणजे जुन्या बूटलोडरसाठी लिहिलेला इलाज नव्या बूटलोडरच्या बोर्डला मारू शकला असता. त्यामुळे कोड आधी क्लॉक कंट्रोलरचं रजिस्टर वाचतो, ते नेहमी जिवंत असतं. नेटवर्कचं क्लॉक बंद दिसलं तर काहीही न करता परततो.

"सरळ रीसेटची लाइनच खेचू या ना मॅडम, एका ओळीत काम होईल," असं इंजिनिअर मुलीने सुचवलं. सूचना चांगली होती, पण अर्धीच घेतली. कंट्रोलर मेमरीत काही लिहीत असताना मधेच रीसेट केला तर बसवरचा तो व्यवहार अर्धवट राहतो आणि बस लटकू शकते. म्हणून आधी रिसीव्ह थांबवायचं, चालू लिखाण संपू द्यायचं, मग रीसेट. मर्यादा संपूनही डीएमए थांबला नाही तरच नाइलाजाने सरळ रीसेट.

हा पॅच मुख्य कर्नलमध्ये पाठवायचा नाही असं आम्ही ठरवलं. एका कंपनीच्या बूटलोडरची चूक सगळ्यांच्या कर्नलने का सांभाळावी, असं तिथले लोक म्हणतील आणि ते योग्यच म्हणतील. तरीही असे अपवाद मुख्य कर्नलमध्ये आहेत. २०११ आणि २०१२ च्या ॲपलच्या मॅक संगणकांमध्ये फर्मवेअर इंटरनेटवरून सिस्टिम उतरवून घेता यावी म्हणून वायफाय कार्ड चालू करतं, आणि ऑपरेटिंग सिस्टिमकडे ताबा देण्याची 'एक्झिट बूट सर्व्हिसेस' ही पायरी झाल्यावरही ते चालूच ठेवतं. ते कार्ड पॅकेटं मेमरीत लिहीत राहतं आणि इंटरप्टही देत राहतं. हवेतून कुणीही काहीही पाठवू शकतो, त्यामुळे हा सुरक्षेचाही प्रश्न होता. त्यासाठी २०१६ साली लिनक्समध्ये कार्डला बूटच्या सुरुवातीलाच रीसेट करणारा खास कोड घातला गेला. लाखो लोकांच्या हातात असलेल्या आणि ज्यांचं फर्मवेअर त्यांना बदलता येत नाही अशा यंत्रांसाठी ते रास्त आहे. पीसीवर इंटरप्टची लाइन अनेकांत वाटलेली असते तिथे अशा मोकाट कार्डाचा आणखी एक त्रास होतो. एका लाखातले ९९,९०० हून जास्त इंटरप्ट कुणीच आपले म्हणून घेतले नाहीत की कर्नल 'नोबडी केअर्ड' असं छापून ती लाइनच बंद करतो, आणि त्याच लाइनवरचं निरपराध उपकरणही गप्प होतं.

हँग झाल्यावर उठणं

मूळ दोष सापडला तरी एक प्रश्न मला सोडत नव्हता: बोर्ड पडला तर पडला, तो सकाळपर्यंत पडून का राहिला? बोर्डवर वॉचडॉग होता, म्हणजे ठरावीक वेळात थोपटला नाही तर बोर्ड रीस्टार्ट करणारा टायमर. पण तो चालू करत होता सगळ्यात शेवटी सुरू होणारा तापमानाचा प्रोग्रॅम. त्याआधी काही अडकलं तर राखणदार झोपलेला. शिवाय कर्नल पॅनिक झाल्यावर, म्हणजे न सावरणारी चूक आल्यावर, आपोआप रीस्टार्ट होत नाही. तसं सांगितलं नसेल तर तो तिथेच थांबून राहतो. जुन्या बोर्डांच्या नव्या कर्नलमध्ये पॅनिकनंतर पाच सेकंदांनी रीस्टार्टची सूचना घातली. नव्या बूटलोडरमध्ये वॉचडॉग पहिल्या टप्प्यातच चालू होतो, आणि कर्नलला सांगून ठेवलंय की प्रोग्रॅम येईपर्यंत तू त्याला थोपटत राहा, पण ठरलेल्या मुदतीपर्यंतच. मुदतीत प्रोग्रॅम आला नाही तर बोर्ड स्वतःहून पुन्हा सुरू होतो. ज्या यंत्राच्या भरवशावर कुणाचा माल पडून आहे, त्यात हे पहिल्या दिवसापासून असायला हवं, आणि या बाबतीत मी तडजोड करत नाही.

टेबलावर चारही जोड्या एआरपीच्या माऱ्याखाली तपासल्या. जुना बूटलोडर-जुना कर्नल अपेक्षेप्रमाणे अडकला, बाकी तिन्ही जोड्या टिकल्या. मग शुक्रवारची वाट न बघता काकांनी गाळ्याचा मेन स्विच पाडून पुन्हा चढवून बघितला. कॅमेरे, रेकॉर्डर, काटा, सगळे एकदम उठत होते आणि बोर्डही त्यांच्याबरोबर उठत होते.

कंपनीच्या तपासणीच्या टेबलावर आता एक जुना लॅपटॉप कायमचा बसवलाय. प्रत्येक नवा बोर्ड ब्रॉडकास्टच्या माऱ्यातच सुरू करून बघतात, शांत नेटवर्कवर केलेली चाचणी ग्राह्य धरत नाहीत. पेज पॉइझनिंग चालू असलेला एक वेगळा कर्नलही तिथे ठेवलाय, दर तुकडीतले थोडे बोर्ड त्यावर चालवले जातात. पुढचं काम पडद्याच्या कंट्रोलरचं आहे. यू-बूट कंपनीचं चिन्ह दाखवण्यासाठी तो चालू करतो आणि तसाच सोडतो. तो मेमरीत लिहीत नाही, फक्त वाचतो, त्यामुळे पडद्यावर क्षणभर कचरा दिसतो, एवढंच. त्याच्या चित्राची जागा डिव्हाइस ट्रीमध्ये राखीव करून, तोच पडदा न विझवता कर्नलच्या ताब्यात देण्याचं काम इंजिनिअर मुलीने स्वतःकडे घेतलंय.